एक जूनचा केक

एक जून उजाडला की माझा फोन सकाळी सहाच्या आतच वाजायला लागतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी फोनवर एक गट केलेला आहे आणि निवृत्त झालो तरी मला त्यात ओढून ठेवलं आहे. एरवी तिथं सोयाबीनचे भाव, कुणाच्या दहाव्याची वेळ, असलं काहीबाही चालतं. पण त्या दिवशी नुसती फुलं आणि केकची चित्रं. किसनला शुभेच्छा, रफिकला शुभेच्छा, कमलला शुभेच्छा, दोन्ही गजाननांना शुभेच्छा. देणाराही त्याच दिवशी जन्मलेला आणि घेणाराही. परक्या माणसाला वाटेल, या गावातल्या बाया काय एकच मुहूर्त धरून बाळंत व्हायच्या की काय! तर तसं नाही. एक जूनला त्या सगळ्यांना मी जन्माला घातलं.

राजूरच्या अलीकडे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी वीस वर्षं काढली. शाळा उघडायच्या सुमारास दाखल्यांचं काम निघायचं. बाप पोराचं बखोट धरून दारात उभा असायचा. मी विचारायचो, "जन्मतारीख?"

"आता ते कुठं ध्यानात हाय, गुरुजी? पऱ्हाटी निंदायला आल्ती तव्हा झालं."

"साल?"

"आमचा बुढा गेला, त्याच्या फुडच्या साली. लिवा तुमच्या मनानं."

मग मी मनानं लिहायचो. पोराचे दात बघायचे, डोक्यावरून हात नेऊन त्याला पलीकडचा कान धरता येतो का ते बघायचं, आणि एक जून लिहून मोकळं व्हायचं. सहा वर्षं पुरी झाल्याचं कागदावर दिसलं पाहिजे, एवढंच. निंदणीतलं पोर, वेचणीतलं पोर, ऐन थंडीत शेकोटीजवळ झालेलं पोर, सगळी एका ओळीत एक जूनला. मी एकटाच असं करत होतो अशातला भाग नाही. माझ्या आधीचे मास्तर तेच करायचे, शेजारच्या गावचेही तेच करायचे. कागदाला तारीख लागते, ती दिली, कुणाचं काय बिघडलं? त्या वीस वर्षांत आपण काही चुकतो आहोत असं मला एकदाही वाटलं नाही.

माझी बायको प्रयाग, तीही एक जूनचीच. तिचं माहेर जांब समर्थ. तिथल्या कुण्या मास्तरानं तिची तारीख लिहिलेली. लग्नानंतर दर एक जूनला ती चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणायची, "आज अख्ख्या तालुक्याचा वाढदिवस हाय, गुरुजी. त्यात माझा बी उरकून घ्या." मी हसायचो, चहा प्यायचो आणि शाळेला जायचो. अडतीस वर्षांत एक केक नाही. आमच्या वयाच्या माणसांत ती पद्धत नव्हती, असं म्हणून मी स्वतःला सोडवून घेऊ शकतो. पण मुलीचे वाढदिवस आम्ही केलेच की. तेव्हा पद्धत कुठून आली होती?

आता पुन्हा तेच दिवस आहेत. जालन्यात, मस्तगडातल्या आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही. नळाला पाणी आज येईल, उद्या येईल, करत प्रत्येकाच्या दारात रिकामी पिंपं तोंड वासून बसलेली. हातगाड्यांवर ओल्या पोत्याखाली मोसंबी सुकत चाललेली. कारखान्यांकडून वारा आला की तापल्या लोखंडाचा वास येतो. त्याला आम्ही नावं ठेवत नाही, गावातल्या कितीतरी चुली त्यावर पेटतात. उन्हाळे आयुष्यात पुष्कळ पाहिले, पण ऊन असं चढलं की मला त्यातला एकच आठवतो.

त्या वर्षी होळीच्या आधी प्रयागचा शेक संपला. शेक म्हणजे कॅन्सरवर देतात ती किरणं. आमच्याकडच्या बाया त्याला शेकच म्हणतात, जणू चुलीपुढं बसून घ्यायची गोष्ट. गालाच्या आत एक फोड आला होता, तो दिवाळी झाली तरी बरा होईना, मग तपासण्या आणि पुढचं सगळं. ती लहानपणापासून मिस्री लावायची. तव्यावर भाजलेली तंबाखू, तिची काळी पूड, सकाळी एक बोट दातांवरून फिरलं की तिचा दिवस सुरू. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूला नाही म्हणा' हे मी स्वतः गेरूनं लिहिलं होतं, चांगलं वळणदार अक्षर काढून. आणि आठवडी बाजारातून तिच्या मिस्रीची तंबाखूही मीच आणायचो. बाजाराच्या पिशवीत तळाशी ठेवायचो, वर मेथीची जुडी.

शेवटच्या तपासणीला बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. तरुण होते, माणूस म्हणून चांगले होते. म्हणाले, "शेकानं जेवढं व्हायचं तेवढं झालं, सर. आता ते मानेत उतरलंय. यापुढं त्यांना छळण्यात अर्थ नाही. पावसाळ्याचं मी काही सांगू शकत नाही. पथ्य नको आता. जे मागतील ते द्या."

मी बाहेर आलो. नळावर तोंडावर पाणी मारलं आणि तिच्याजवळ जाऊन, बाकावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पथ्य सुटलं! डॉक्टर म्हणाले, काय पाहिजे ते खा."

तिनं तोंडावर पदर धरला होता. पदराआडून म्हणाली, "बरं झालं."

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. ज्वारी काढून झाली होती, रानं उघडी पडली होती. जालना येईपर्यंत तिनं एक शब्द काढला नाही. मला वाटलं, थकली असेल. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. खोट्या तारखा बिनदिक्कत लिहिलेला माणूस मी, एक खोटं वाक्य मला काय जड जाणार होतं? तिला कळू द्यायचं नाही, शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढं एकच मी त्या बसमध्ये ठरवलं.

पथ्य सुटलं, पण खायचं काय? तोंड आतून सोललेलं. दुधात भाकरी कुस्करून दिली तर तिचा कण नि कण टोचायचा. वरणातलं मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी. चव तर गेलीच होती. "तोंडात सळई धरल्यावानी लागून राह्यलं सगळं," म्हणायची. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "काय खावं वाटून राह्यलं, प्रयागबाई?" आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन यायची. कुणाची शेवयांची खीर, कुणाचा शिरा, कुणाचं सांजोरीचं सारण. ती प्रत्येकीचं बोटभर चाखायची, "छान झालं बाई" म्हणायची आणि डबा माझ्याकडे सरकवायची. त्या दिवसांत माझं वजन वाढलं. हे सांगायलाही लाज वाटते, पण वाढलं.

केकचं सुचवलं मनीषानं. मनीषा आमची मुलगी, पुण्याला असते, अंगावर पिणारं बाळ होतं म्हणून तिचं येऊन-जाऊन चाललं होतं. फोनवर म्हणाली, "बाबा, केकच्या पिठाचा तयार डबा मिळतो दुकानात. बिनअंड्याचा आणा. पसरट ताटात भाजा आणि वरून दूध पाजा, भरपूर. जिभेवर ठेवला की विरघळतो, चावायचं कामच नाही."

"मला फक्त चहा येतो, मनी. तोही कसाबसा."

"डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, बाबा. वाचता येतं ना तुम्हाला?"

वाचता येतं म्हणून मी फारूकभाईंच्या दुकानात गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं जनरल स्टोअर आहे, वह्या-पेन्सिलींपासून शेवयांपर्यंत सगळं मिळणारं. केकचा डबा मागितला तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"क्या सर, नवासे का बड्डे हय क्या?"

"नातवाचा नाही. प्रयागला पाहिजे."

त्यांना सगळं ठाऊक होतं. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? त्यांनी डबा झटकून, पुसून हातात दिला. "बिलकुल आसान हय सर. दूध डालो, तेल डालो, फेटो. बराबर होता. जल्दी मत करो बस."

जल्दी मी केलीच. ओव्हन आमच्याकडे नाही. मोठ्या पातेल्यात जाडं मीठ पसरलं, त्यावर कुकरची जाळी, जाळीवर वड्या थापायचं काठाचं ताट. ताटाला तेलाचं बोट फिरवून पीठ ओतलं, झाकण घातलं आणि लवकर व्हावं म्हणून गॅस मोठा केला. वीस मिनिटांनी बघतो तर खालून कोळसा आणि वरून खळ. आतल्या खोलीतून, पलंगावरून प्रयागचा आवाज आला, "काय जाळून राह्यले?"

"काही नाही!"

घरभर धूर आणि म्हणे काही नाही. ती हसायला गेली आणि गाल धरून बसली.

दुसऱ्या डब्याला अक्कल आली. गॅस बारीक, झाकणाला हात लावायचा नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये बसतो तसं घड्याळ समोर ठेवून बसायचं. काडी घालून बघितली, कोरडी निघाली. आता कोमट असतानाच त्याला भोकं पाडायची होती, तळापर्यंत. कशानं पाडायची? कपाटाखाली प्रयागची विणकामाची टोपली होती. नातवाचा स्वेटर तिनं दवाखान्याच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी विणायला घेतला होता, एक बाही राहिली होती. त्यातली मोकळी सुई मी हळूच ओढली.

"माझी सुई कायला घेऊन राह्यले?"

"केकला टोचायला."

"धुऊन घ्या मंग."

बोट-बोट अंतरावर ओळीनं भोकं पाडत गेलो. मग दूध. साखर घालून आटवलेलं, त्यात दुधाची पावडर कालवून दाट केलेलं, बोटाला सोसेल इतकं गरम. पळीपळीनं सोडायचं. केक आधी घटाघट पितो, मग थांबतो. आपल्याला वाटतं, भरलं पोट. पाच मिनिटांनी बघावं तर वरचं दूध गायब, पुन्हा कोरडा. पुन्हा पळी. असं करत त्यानं पातेलंभर दूध रिचवलं. ज्या घरात एका माणसाला घोट जात नव्हता, तिथं ते ताट पीतच होतं. मला त्या केकचा राग आला होता, हे अजून आठवतं.

दुपारभर ताट फ्रिजमध्ये ठेवलं. चार वाजता बर्फीएवढा तुकडा बशीत घेतला, चमच्याच्या पाठीनं दाबला तर सगळीकडून दूध सुटलं. तिच्या जिभेवर ठेवला. ती डोळे मिटून बसली आणि मी तिच्या गळ्याकडे बघत बसलो. गळा हलला. गेला. दुसरा चमचा. तिसरा.

"सळई न्हाई लागली आज," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडलो. अडतीस वर्षं त्या ओट्याशी ती उभी राहिली. मी तिथं पाणी प्यायलासुद्धा फारसा गेलो नव्हतो.

मग मला केकचं वेडच लागलं. तीन-चार दिवसाला एक ताट. पातेल्यातलं ते मीठ खायच्या कामाचं राहत नाही, काळपट पडतं. मी ते बरणीत भरून ठेवायचो आणि पुढच्या खेपेला तेच पसरायचो. फारूकभाई मला लांबून बघूनच फळीवरचा डबा काढून ठेवायचे. सकाळी उठल्यावर माझा पहिला विचार दुधाचा असायचा. तिनं आठ चमचे खाल्ले की मी मनीषाला फोन करून आठ सांगायचो, जसा काही कुणाचा निकाल लागलाय. माणूस आशेला लागला की त्याच्यासारखा बावळट दुसरा कुणी नसतो.

चैत्र लागला तसे चमचे कमी व्हायला लागले. आठाचे सहा, सहाचे चार. डॉक्टरांचं पावसाळ्याबद्दलचं वाक्य मला भांडी घासतानासुद्धा ऐकू यायचं. आणि तेव्हा डोक्यात एक जून बसला. अडतीस वर्षं नुसता उरकून घेतलेला. तो दिवस आता तिला दिसायचा नाही, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. मग मास्तराच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. तारीख म्हणजे आपल्या हातातली गोष्ट. बदलून टाकू.

रामनवमीला तिच्या माहेरी, जांबेत, यात्रा असते. मी ठरवलं, तिला सांगायचं की तुझा खरा जन्म रामनवमीचा. तुझ्या भावाला फोन करून विचारलं, तुझी आई तसं सांगायची म्हणे. आई जाऊन कैक वर्षं झाली होती, खरंखोटं कोण बघायला जाणार? भावाला मी फोनसुद्धा केला नव्हता. सकाळी लवकर केक केला. तोवर माझा हात बसला होता, ताटातला केक सगळीकडून सारखा फुगला. वर बदाम नाही, पिस्ता नाही, टोचेल असं काहीच नाही. मधोमध एक मेणबत्ती, लाइट गेल्यावर लावायची जाडी मेणबत्ती, कारण घरात तीच होती. पेटवून ताट तिच्यापुढं नेलं.

"हे काय?"

"वाढदिवस. तुझा." आणि मी सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं, भावाच्या फोनसकट.

ती मेणबत्तीकडे बघत राहिली. मग तिनं ती बोटांनी चिमटून विझवली. देवापुढची ज्योत फुंकू नये, हे तिच्या अंगात भिनलेलं, ती मेणबत्तीलाही तोच नियम लावायची.

"माझी आई काय सांगायची, ते मला माहीत हाय," ती म्हणाली. बोलताना तिचं तोंड आता एका बाजूला ओढलं जायचं, शब्द हळूहळू यायचे. "पोळ्याचा दिवस होता. बैलं ओवाळून झालती. आईनं पुरनाचा पयला घास घेतला आन् कळ आली. म्हनायची, तुझ्यापायी माझं ताट तसंच राह्यलं. मी पोळ्याची हाय. अडतीस वर्सं झाली, तुमी कधी इचारलंच न्हाई."

खरंच विचारलं नव्हतं. हजार पोरांच्या बापांना विचारलं होतं.

"पोळा लई लांब हाय. एक जून बी लांब वाटला तुमाला. म्हनून रामनवमी काढली?"

"तसं नाही, प्रयाग..."

"तुमच्या आईला वैद्यानं पथ्य सोडलं, तव्हा गुळाचा शिरा कोन करून घालत होतं? मीच ना? आठ दिवसांत गेल्या. तुमी त्या दवाखान्यात वरडून सांगितलं ना, पथ्य सुटलं म्हनून, तव्हाच कळलं मला. बसमंदी सगळं समजूनच बसल्ते मी."

ताट आमच्या दोघांमध्ये होतं. मेणबत्तीच्या वातीतून अजून धूर निघत होता. मी विचार करत होतो त्या चमच्यांचा. आठ, सहा, चार. म्हणजे ते भुकेचे नव्हते. मी केला म्हणून खाल्लेले होते, मला कळू नये म्हणून खाल्लेले होते. मी तिच्यापासून जे लपवत होतो, तेच ती माझ्यापासून लपवत होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

"एक सांगते, गुरुजी," ती म्हणाली. "जन्माची तारीख एका मास्तरनं लिवली. मरनाची दुसऱ्या मास्तरनं लिवू न्हाई."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आज मी खानार न्हाई. पोळ्यापतूर मला जमायचं न्हाई, पर एक जून जमंल. तव्हा करा. तव्हा खाईन."

"हो," मी म्हणालो. "एक जूनलाच करू."

त्यानंतर आमच्यात आडपडदा राहिला नाही. लोक म्हणतात, खरं बोललं की मन हलकं होतं. आमचं नाही झालं. एकदा तिनं चमचा भिंतीवर फेकून मारला आणि मग मलाच तो उचलायला लावून म्हणाली, "धुऊन ठेवा." कधी मधूनच कामाचं सांगायची. स्वेटरची बाही मनीनं पुरी करावी. मिस्रीची पितळी डबी फेकू नये, घासून तिच्यात कुंकू ठेवावं. नेसवायचं लुगडं कोणतं, ते कपाट उघडून दाखवलं. मी "हो, हो" म्हणत मान हलवायचो, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखी, आणि निम्मं ऐकायचो नाही.

वैशाखात गळा बंद झाला. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. त्यातून पातळ करून दूध, भाताची पेज. मग आवाजही गेला. मी जुन्या पेटीतून शाळेची पाटी काढून दिली. ती सातवी शिकलेली, अक्षर मोठं आणि तिरकं. 'पाणी.' 'पंखा.' 'मनी?' असं एकेका शब्दात आमचं बोलणं चालायचं.

त्याच दिवसांत एकदा फळीवर नजर गेली. केकचे दोन डबे होते, न फोडलेले. मी ते पिशवीत घातले आणि फारूकभाईंकडे परत नेऊन दिले. त्यांनी ते पुसून पुन्हा फळीवर ठेवले. बदल्यात मी फिनेलची बाटली आणि कापसाचं पुडकं घेतलं. घरी येताना मला एक जून आठवला नाही असं नाही. आठवला. पण माझ्या मनानं तो दिवस केव्हाच खोडून टाकला होता.

आणि एक जून आला. ती होती.

मनीषा बाळाला घेऊन दोन दिवसांसाठी पुण्याला गेली होती, घरात आम्ही दोघंच. सकाळीच फोन वाजायला लागला, शुभेच्छांवर शुभेच्छा, म्हणून मी तो बंद केला. तिच्याजवळ गेलो तर ती जागी होती. कितीतरी दिवसांनी डोळे स्वच्छ होते. तिनं पाटी मागितली आणि लिहिलं, 'आज १.' मी वाचलं हे बघून पुसलं आणि पुन्हा लिहिलं, 'केक.'

मी फळीकडे बघितलं. डबे आपल्या पायांनी परत आले असतील, असं जणू वाटलं मला.

"करतो ना," मी म्हणालो. "पीठ घेऊन येतो. हा आलो." शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवलं आणि निघालो.

फारूकभाईंच्या फळीवर डब्याची जागा रिकामी होती.

"खलास, सर," ते म्हणाले. "आज तारीख देखो ना, एक जून. आधे जालने का बड्डे आजच हय. सुबह से सब उठा के ले गये." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते उगाच काउंटर पुसायला लागले. "तुम्हारे वो दो बी गये सर. कल शाम को."

आणखी चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे तेच. आज मिळणार नाही, एक जून आहे, उद्या या. बेकरीत गेलो. तिथं मलईचे केक ओळीनं मांडलेले, सगळे आधी सांगून ठेवलेले, प्रत्येकावर कुणा ना कुणाचं नाव. साध्या केकमध्ये अंडं होतं, आणि प्रयागच्या गळ्यात तुळशीची माळ. मी तसाच उभा होतो तर एका गड्यानं वाकून पाया धरले. "गुरुजी, वळखलं का? निवृत्ती! आज बड्डे हाय माझा, लेकीनं केकचा हट्टच धरला." त्याच्या हातात खोकं होतं. दाराशी बापाचं बोट धरून उभा राहिलेला, पलीकडचा कान धरता न आलेला तो पोरगा मला आठवला. कान धरता आला नव्हता तरी मी एक जून लिहिला होता.

"शंभर वर्षं जग," मी म्हणालो, आणि साधा पाव घेऊन घरी आलो.

पावाच्या कडा कापल्या. मधला पांढरा भाग काठाच्या ताटात दाबून, सारखा करून बसवला. तिच्याच सुईनं भोकं पाडली, बोट-बोट अंतरावर. दूध आटवलं, पावडर कालवली, पळीपळीनं सोडलं. पाव लगेच विरघळायला लागला. त्याला केकसारखं पिता येत नाही, तो बसतो. गार केला, चौकोनी कापला, बशीत घेतला. चौकोन राहिला नाही, पण मी बशी अशी धरली की तो तिला नीट दिसू नये.

गिळणं शक्यच नव्हतं. चमच्याच्या टोकावर एक कण घेऊन तिच्या जिभेवर ठेवला. तिनं ओठ मिटले. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तो दुधासकट ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि मी तो रुमालानं टिपला. अडतीस वर्षं चहात पाव बुडवून खाल्लेली बाई ती. तिला पाव कळणार नाही?

तिनं पाटी ओढली. दोन शब्दांना फार वेळ लागला.

'केक मऊ.'

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा पेन्सिलीकडे हात नेला, आणि पाटीवर जागा उरली नव्हती म्हणून मी ती पुसली. तिला पाणी मागायचं होतं.

चार दिवसांनी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख बरोबर आहे. ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली.

आज एक जून. फोन वाजतोच आहे, दोन्ही गजानन झाले, कमल झाली, निवृत्तीनं लेकीबरोबरचा फोटो टाकलाय. मी पातेल्यात मीठ पसरलंय, तेच बरणीतलं, आता पार काळं पडलेलं. सुई धुऊन ठेवली आहे. डबा घरात आहे. तो मी आता मेच्या पहिल्या आठवड्यातच आणून ठेवतो. एक जूनला मिळत नाही.